शेजारची सीट

माझ्या ताईच्या घरात रेसच्या अठरा गाड्या होत्या आणि आल्यागेल्याला बसायला धड खुर्ची एकच. तीसुद्धा डुगडुगायची. मी गेले की आधी तिच्या पायाखाली कागदाची घडी सारायचे, मग बसायचे आणि मग भावोजींच्या नावाने सुरू व्हायचे. "हाताएवढ्या गाडीला आरसे लावतात, ब्रेक लावतात, धूर सोडायची नळी लावतात, आणि या खुर्चीचा एक पाय सरळ करायला यांना जन्म पुरत नाही!" ताई तोंडावर हात धरून हसायची. भावोजी ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि खुर्ची होती तशीच राहायची.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचं काम. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकाशी गोड गोड बोलणार, मागे हे दिव्याखाली मान खाली घालून घासणार. उभी हयात तेच केलं. बोलणं इतकं कमी की लग्न ठरायच्या वेळी मी चारचौघांत विचारलं होतं, "मुलाला बोलता येतं ना?" ताईने पाठीत असा धपाटा घातला होता की अजून आठवतो. मी घरात धाकटी, तोंडाने तिखट, म्हणून मला सगळे लवंगी म्हणायचे. पुढे भावोजीही म्हणायला लागले. त्यांच्या तोंडून जे थोडेफार शब्द बाहेर पडत त्यातला तो एक.

दोघांना मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, वर सामायिक गच्ची, आतल्या खोलीच्या खिडकीशी एक अरुंद टेबल, आणि त्या टेबलावर, शेजारच्या फळीवर गाड्या.

आता या गाड्या म्हणजे दुकानात खोक्यात तयार भाग घालून मिळतात तशा नव्हेत हं. तसली खोकी भावोजींनी जन्मभर काचेबाहेरूनच पाहिली. त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती, की गाडीपायी घरखर्चाला हात लावायचा नाही. मग काय, लोकांनी टाकायचं आणि यांनी उचलायचं. बाद झालेली एटीएम कार्डं कापून, गरम पाण्यात वाकवून गाडीचं अंग. नळाच्या वॉशरचे टायर. बिघडलेल्या इअरफोनच्या तारा म्हणजे इंजिनातल्या वायरी. नव्या चष्म्याच्या फ्रेममध्ये नमुन्याची प्लास्टिकची काच असते ना, ती खरी काच बसवताना काढून टाकतात. ती भावोजी खिशात घालून आणायचे आणि तिच्यातून गाडीची काच कातरायचे. रंग कोपऱ्यावरच्या गॅरेजातला, डब्याच्या तळाशी राहिलेला. तिथला रंगारी यांच्यासाठी डबे पालथे न घालता बाजूला ठेवायचा.

आणि सीटबेल्ट माझ्या दुकानातून. माझं कपडे दुरुस्त करायचं दुकान आहे, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, असलं. बायकांच्या नव्या कपड्यांना खांद्याशी आत हँगरला अडकवायच्या रेशमी फिती असतात. कुणालाच त्या नको असतात, सारख्या बाहेर डोकावतात म्हणून कापायला लावतात. त्या फिती मी एका डबीत साठवायचे. शिव्या देत देत साठवायचे, पण साठवायचे. त्या बेल्टांची बक्कलं भावोजी औषधाच्या गोळ्यांमागची चांदी कापून करायचे. पूर्वी तेवढ्या चांदीसाठी शेजारीपाजारी विचारायला लागायचं. ताई आजारी पडल्यावर घरातच ढीग लागला.

त्यांच्या कामाची चाल म्हणजे गोगलगाय परवडली. रंगाचा एक हात दिला की गाडी झाकून ठेवायची ती ठेवायचीच. चार दिवसांनी उघडायची आणि नाकाशी धरायची. रंगाचा वास आला, तर रंग अजून आत ओला. परत झाकायची. "अहो, हाताला तर लागत नाही," मी म्हणायचे. "नाकाला लागतोय," ते म्हणायचे. झालं, संपलं संभाषण.

एकदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. माझ्या चपलेचा पट्टा सुटला होता. मी पर्समधून सुपरग्लूची नळी काढली आणि त्यांच्या टेबलाशी बसून टोपण फिरवणार, तोच भावोजी ओरडले, "ते इथे उघडू नकोस!" मी दचकलेच. मग भावोजी स्वतःच ओशाळले आणि नीट समजावून सांगितलं, तेवढं सलग ते कधी बोलले नव्हते. त्या गोंदाची वाफ उठते. ती वाफ बंद जागेत कोंडली की काचेवर बसते आणि काच पांढरीफटक पडते. आतून पडते, त्यामुळे पुसताही येत नाही. म्हणून काचेजवळ नेहमी सुताराचा पांढरा गोंद, तो वाळायला रात्र जाते, जाऊ द्यायची. मी म्हटलं, "कळलं, कळलं. चप्पल हातात घेऊन जाते घरी." तेव्हा कुठे ताई हसली आणि वातावरण निवळलं.

त्यांच्या सगळ्या गाड्या एका जातीच्या. लांबुडक्या, जमिनीला पोट टेकलेल्या, वरून उघड्या, एकच माणूस बसेल अशा. गाडी पूर्ण व्हायची तेव्हा सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. नळाची गळती बुजवायची पुट्टी असते, दोन रंगांची, मळून वापरायची. तिचा अंगठ्याएवढा माणूस केलेला असायचा, गुडघे दुमडलेला, हात पुढे. तो वरून अलगद आत सोडायचा. आणि त्या वेळी भावोजी ताईला हाक मारायचे. कधी नव्हे ते मोठ्याने. "अगं, ये. ड्रायव्हर बसवतोय." ताई हात पुसत यायची, शेजारी उभी राहायची, ड्रायव्हर बसला की गाडीकडे बघून नाक मुरडायची.

"परत एकटाच! या घरात एका गाडीत बायकोला जागा नाही. मी काय टपावर बसू?"

"टप नसतो याला."

"बघ बघ लवंगे, टपसुद्धा नाही माझ्या नशिबात."

हे दर गाडीला. शब्दसुद्धा तेच. मला वाटतं, तेवढं ऐकायलाच ते ड्रायव्हर शेवटी ठेवत असतील.

मग ताईच्या फुप्फुसांनी दगा दिला. आधी जिन्यावर धाप, मग बोलताना धाप, मग नुसतं पडल्यापडल्या धाप. कोपऱ्यात प्राणवायूचं मशीन आलं, ते सारखं घुरघुरायचं. नाकात नळी घेऊन ताई खिडकीकडे तोंड करून पडायची. रंगाच्या वासाने तिला ठसका लागायचा, म्हणून टेबल बंद झालं. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता तरी हा माणूस बायकोजवळ बसेल.

बसला की! पण ताईलाच ते बघवेना. एके दिवशी माझ्यादेखत म्हणाली, "अहो, नुसते हातावर हात ठेवून माझ्या तोंडाकडे काय बघता? त्याने मी बरी होणार आहे? एक गाडी करा."

भावोजींनी तिच्या नाकातली नळी सारखी केली.

"दोन सीटची करा," ती म्हणाली. या वेळी तिने नाक मुरडलं नाही. "मी आहे तोवर करा. एकदा बघू दे मला तुमच्या शेजारी बसून कशी दिसते."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उगाच पेला घासत राहिले. परत आले तेव्हा भावोजी तिला सांगत होते. घाटरस्त्यावर पळवतात त्या गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून पुढचं वळण कसं आहे ते सांगत राहतो. चालवणाऱ्याने ते मुकाट ऐकायचं आणि तशी गाडी फिरवायची.

ताईचा चेहरा उजळला. "म्हणजे मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार? ही कसली हो रेसची गाडी? हे तर आपलं घर!"

इतकं हसली की ठसका लागला, आणि मी भावोजींवर डाफरले. कुणावर तरी डाफरायला हवंच होतं.

तर अशी ती एकोणिसावी गाडी. त्यांची पहिली बंद गाडी. हिला छप्पर होतं, चारही बाजूंनी काचा होत्या, आणि छपराच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो तसा पिंजरा, गाडी उलटली तरी आतली माणसं चिरडू नयेत म्हणून. त्या नळ्या त्यांनी कान साफ करायच्या काड्यांच्या केल्या, दोन्हीकडचा कापूस काढून.

काम गच्चीवर. खोलीत वास नको म्हणून खुर्ची, एक सुटी फळी, डबे, सगळं वर नेलं. रंगाचं काम झालं की खाली येऊन दाराबाहेर सदरा काढायचे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, दुसरा सदरा चढवायचे आणि मगच तिच्याजवळ जायचे. मी म्हणायचे, "किती ते सोपस्कार! त्यापेक्षा गच्चीवर जाऊच नका ना." चिडचिड व्हायची माझी. बहीण दिवसेंदिवस वाळत चाललेली, आणि हा माणूस वर बसून कार्डं कापतोय. पण ताईची नजर दाराकडे. "माझी सीट झाली?" आल्याआल्या हे. मग ते तळहातावर सीट घेऊन यायचे. ताई ती पांघरुणावर ठेवून बघायची, बोटाने दाबून. सीटबेल्टची फीत तिनेच निवडली, निळी. हेल्मेटला हरकत घेतली.

"हेल्मेटमध्ये मी कशी ओळखू येणार? कुणी म्हणेल, भलतीच बाई घेऊन निघालेत. माझी वेणी बाहेर काढा."

वेणीसाठी भावोजी माझ्याकडे काळा रेशमी दोरा मागायला आले. दोऱ्याचे पीळ सोडवून तीन तंतूंची वेणी घातली, चिमट्याने. मी दुकानात बसून पाहिली. खरं सांगते, हुबेहूब ताईची वेणी, खाली निमुळती होत गेलेली. नुसती परत त्यांच्या हातात ठेवली. स्तुती करायची मला सवय नाही.

पण गाडी पुढे सरकेना. रंग नाकाशी धरायचा, परत झाकायचा, नाकाशी धरायचा, परत झाकायचा. त्यात पावसाळी हवा, काही वाळेना. आणि ताईला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून दोन आठवड्यांनी घरी सोडलं, बरं वाटतंय म्हणून नव्हे. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्यांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, तिच्या मनासारखं करा, आणि फार लांबचं काही ठरवू नका.

भावोजी बाकावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. मी डोळे पुसले आणि विचारलं, "गाडीला किती दिवस?"

"महिना."

"महिना कुठून आणू मी?" मी ओरडलेच. येणारेजाणारे बघायला लागले. "तिने आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागितलं का? वाळू दे की नाही वाळू दे, वास येऊ दे की नाही येऊ दे, चिकटवा तो सुपरग्लू आणि संपवा! या आठवड्यात तिच्या हातात गाडी पडली पाहिजे!"

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी दुकानातून रजा घेतली. मी माझं दुकान बंद ठेवून ताईपाशी बसले. भावोजी उजाडताच गच्चीवर जायचे, जेवायला खाली यायचे, दोन घास कसेबसे गिळून परत वर. ताई आता एका दमात चार शब्द बोलायची. तरी कान जिन्याकडे.

"हाक आली का गं?"

"कसली हाक?"

"ड्रायव्हर बसवायची. मला बोलावतात ना."

"तुला कसं वर नेणार? खालीच आणतील."

"पण हाक मारतील की. खिडकीतून. ऐकू येईल." आणि डोळे मिटून वाट बघत राहायची.

हाक काही आली नाही. एका दुपारी भावोजीच आले, गाडी तळहातावर घेऊन. सदरा बदलायला विसरले होते, रंगाचे डाग तसेच. चेहरा उतरलेला. मला वाटलं, जागरण आहे, थकलेत. मग माझी नजर गाडीवर गेली. बाहेरून देखणी हो, पांढरी, बाजूने निळा पट्टा, पुढे दिवे. आणि काच! पुढची, बाजूची, मागची, सगळ्या काचा धुरकटून दुधासारख्या झालेल्या. आत काही म्हणता काही दिसत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय करून ठेवलंत? सुपरग्लू लावलात काचेपाशी? तुम्ही? मला चप्पल चिकटवू दिली नाहीत आणि आज स्वतः... अहो, तिला आत बघायचं होतं! तेवढंच बघायचं होतं तिला!"

"तूच म्हणालीस, संपवा," ते एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"लवंगे, गप," ताई म्हणाली. "द्या इकडे."

त्यांनी गाडी तिच्या छातीवर ठेवली आणि तिच्या हाताखाली स्वतःचा हात धरला, तिला उचलवत नव्हती म्हणून. ताईने काचेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"पुसता नाही येत?"

"नाही गं. आतून आहे."

"बरं. आत मी आहे?"

"आहेस."

"वेणी?"

"डाव्या खांद्यावरून पुढे घेतलीय."

"बेल्ट?"

"निळा. घट्ट लावलाय."

ती थोडा वेळ दम खात राहिली. मशीन घुरघुरत होतं. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

भावोजी तिच्या उशाशी उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, छाती दुखत असावी तसा. "मी पण आहे ना. शेजारीच."

"हात स्टीअरिंगवर?"

"दोन्ही."

"मग झालं. वळणं मी सांगते." आणि तिने डोळे मिटले. गाडी तिच्या श्वासाबरोबर वर व्हायची, खाली व्हायची. फार थोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तिचं तोंड पुसत असताना, ताई गेली. गाडी उशीशी होती.

मी भावोजींना माफ केलं नाही. माणूस गेल्याचं दुःख होतंच, ते आजही आहे, पण त्या काचेचा राग वेगळा होता. डोक्यात घर करून बसला. अठरा गाड्यांच्या काचा आरशासारख्या, आणि जी एक तिच्यासाठी केली ती आंधळी. तिने शेवटी काय पाहिलं? पांढरं प्लास्टिक. मी दर रविवारी त्यांच्याकडे डबा घेऊन जायचे, ताईने तसं बजावलं होतं म्हणून. डबा टेबलावर आपटायचे, आधीचा रिकामा उचलायचे आणि चालू पडायचे. खुर्चीखाली कागद सारायच्या भानगडीत पडायचे नाही, कारण बसायचेच नाही. ते जिन्यापर्यंत सोडायला यायचे. मी वळून बघायचे नाही.

असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी मी डबा ठेवला आणि माझं लक्ष फळीवर गेलं. अठरा गाड्यांच्या शेवटी ती एकोणिसावी. तिच्या पुढच्या काचेतून पलीकडची भिंत दिसत होती. जुन्या पांढऱ्या काचा कापून काढून त्यांनी पुढेमागे नव्या बसवल्या होत्या, दारांच्या खिडक्या मोकळ्याच. कडेने पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ, नीट वाळलेली.

मी वाकले. आणि ताई दिसली. हेल्मेट, वेणी डाव्या खांद्यावरून पुढे, निळा बेल्ट, त्यावर तिच्याच गोळ्यांच्या चांदीचं बक्कल. मान जराशी उजवीकडे वळलेली, शेजारच्याला काही सांगत असल्यासारखी. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग ती बघत होती तिकडे बघितलं.

शेजारची सीट रिकामी होती. स्टीअरिंग होतं, बेल्ट दोन्ही बाजूंना पसरून ठेवलेले होते, माणूस नव्हता.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही कुठाय यात?"

त्यांनी टेबलाच्या खणातून काडेपेटी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत कापसावर ड्रायव्हर. पुरा झालेला, रंगवलेला, हेल्मेटखाली त्यांचा चष्मासुद्धा.

"बसवायचा राहिला?"

"राहिला." मग थांबत थांबत सांगितलं. "उघड्याच गाड्या केल्या ना जन्मभर. ड्रायव्हर शेवटी. हाताला तीच सवय. त्या दिवशी तिला बसवलं. पिंजरा चिकटवला, सुपरग्लूने, तू म्हणालीस तसा. वर छप्पर. आणि मग म्हटलं, आता ड्रायव्हर. तुझ्या ताईला हाक मारायला खिडकीशी गेलो. हाक मारणार, तर हातात हा. आणि वर छप्पर." मग म्हणाले, "बंद गाडीत आधी माणसं बसवतात, मग पिंजरा. पोराटोरांनाही कळेल. मला कळलं नाही."

"मग तोडायचा होता पिंजरा!"

"तिचा खांदा चिकटलाय पिंजऱ्याला. तो काढला तर ती तुटते. दुसरी करायला वेळ नव्हता."

मला सगळं समजत गेलं. मी त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसले. "आणि काच? ती घाईत गेली ना?"

"नाही. काच मी मुद्दाम घालवली."

"मुद्दाम?"

"दाराच्या फटीतून गोंदाचे थेंब सोडले आत आणि फट बंद करून ठेवली. वाफेने केलं बाकीचं." ते फळीकडे बघत होते. "काच स्वच्छ असती तर तिला दिसलं असतं ना, की ती एकटीच निघालीय. त्यापेक्षा काहीच न दिसलेलं बरं. विचारलं तर सांगता येतं, आहे म्हणून."

"तेव्हा हा कुठे होता?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

मी काडेपेटीतून ड्रायव्हर उचलला आणि गाडी पुढे ओढली. सुईत दोरा ओवणारी बोटं माझी, म्हटलं, मला जमेल. दाराच्या खिडकीतून आधी त्याचं डोकं घालून बघितलं, हेल्मेट पिंजऱ्याच्या नळीला अडायचं. पाय आधी घातले, गुडघे अडायचे. आडवा केला, तिरका केला. भावोजी अडवत नव्हते, नुसते बघत होते. त्यांनी हे सगळं किती वेळा करून पाहिलं असेल ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तरी मी रडत रडत घालत राहिले, त्याच्या कोपराचा रंग खरवडला गेला तेव्हा थांबले.

"निदान जवळ तरी ठेवू," मी म्हटलं, आणि गाडीशेजारी फळीवर त्याला बसवायला गेले. बसेना. सीटवर बसायच्या बेताने घडवलेला, गुडघे दुमडलेले, दोन्ही हात पुढे, नसलेलं स्टीअरिंग धरलेले. ठेवला की पाठीवर उलटायचा आणि तसाच हात वर करून पडून राहायचा. मी सवयीने कागदाची घडी केली आणि त्याच्या पाठीशी सारली. क्षणभर टिकला, परत कलंडला. मी घडी जाड केली.

"राहू दे, लवंगी," भावोजी म्हणाले. "पडतोच तो."